साडेदहाचं ताट

आज जपानमधल्या कोयासान डोंगरावर, ओकुनोइन या समाधिस्थळाच्या पुलाजवळ अर्धा तास कुडकुडत उभी होते. साडेदहा वाजले आणि तोंडाला पांढरा मास्क बांधलेले दोन भिक्षू खांद्यावर लाकडी पेटी घेऊन निघाले. पेटीत जेवण. कुणाचं? कूकाईंचं, म्हणजे जपानमध्ये शिंगोन बौद्ध पंथ सुरू करणाऱ्या भिक्षूंचं! इतिहासाच्या हिशेबाने ते ८३५ मध्ये गेले. इथले लोक मात्र ते आत समाधीत बसलेत असं मानतात, म्हणून सकाळी सहा आणि साडेदहाला ताट जातं. रोज. मला आळंदीच आठवली.

८१६ मध्ये सम्राट सागाने हा डोंगर त्यांना दिला. आज इथे ११७ मंदिरं-मठ आहेत, त्यातल्या पन्नासेक ठिकाणी मुक्कामही करता येतो. आमच्या मठात पहाटे 'गोमा' होता, म्हणजे चक्क आपला होम. तोच शब्द, तोच धूर, डोळ्यांत तेच पाणी.

पण खरी गंमत काल संध्याकाळी. ध्यानासाठी भिक्षूंनी एक गुंडाळलेलं चित्र उलगडलं. कमळावर चंद्र, चंद्रात सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतलं एकच अक्षर. मी न राहवून मोठ्याने म्हटलं, "अ!" ते हसले, म्हणाले, "आ." कूकाई ८०४ मध्ये चीनला गेले, तिथे संस्कृत शिकले, ते अक्षर अजून भिंतीवर आहे. माझी मांडी मात्र दहाव्या मिनिटाला बधिर.

आता कोयासान विद्यापीठात चाललेय, बाबासाहेबांचा पुतळा बघायला. २०१५ पासून तो तिथे आहे.