सात झाडं कमी पडली

मागच्या मे महिन्यातला एक दिवस डोक्यातून जातच नाही, म्हणून लिहितेय. मी मराठवाड्यात कृषी सहाय्यक आहे (2025 ला पदनाम बदलून सहाय्यक कृषी अधिकारी झालं, गावात अजून सहाय्यक मॅडमच म्हणतात) आणि त्या दिवशी एका शेतकऱ्याची आंब्याची झाडं मोजायला गेले होते.

अण्णांची जमीन साडेसहा एकर, पण निम्मी मुरमाड. दोन हेक्टरच्या वर जमीन गेली की रोजगार हमीतून फळबाग मिळत नाही, अशा लोकांसाठी राज्याने 2018-19 पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू केली. ती त्यांना मीच सांगितली होती. मीच म्हणाले होते की अण्णा, मुरमाच्या पट्ट्यात केसर लावा, माती वाहून जायची थांबेल, पोरांना कायमचं काहीतरी होईल. अनुदान तीन वर्षांत येतं, पहिल्या वर्षी 50 टक्के, मग 30, मग 20. अट अशी की पहिल्या वर्षी निदान 80 टक्के झाडं जगलेली पाहिजेत आणि दुसऱ्या वर्षी 90.

त्यांनी जुलैत एक एकरात पाच बाय पाच मीटरवर 160 कलमं लावली. खड्डे, कलमं, खत सगळं आधी खिशातून, त्यातले निम्मे पैसे शेकड्याला तीन रुपये महिन्याने उचललेले. बिलं पोर्टलवर चढवली, मी जागेवर जाऊन मोका तपासणी केली, जिओटॅग फोटो काढले, सप्टेंबरात फाईल वर गेली. दिवाळी झाली, संक्रांत झाली, मार्च एंड पण झाला तरी पैसे नाहीत, विचारलं की निधी आला नाही एवढंच उत्तर. अण्णांचा फोन आला की माझ्या पोटात गोळा यायचा आणि खरं सांगते, शेवटी शेवटी त्यांच्या शिवाराकडचा रस्ता मी टाळायला लागले होते. विहीर मार्चमध्येच आटली. पहिला हप्ता हातात असता तर टँकर लावता आला असता, तो हिशोब त्यांनी लावतानाच केला होता.

आणि अशात मला वरून सांगितलं की पहिल्या वर्षीची जगलेली झाडं मोजून अहवाल द्या. पहिला हप्ता मिळालेला नाही आणि दुसऱ्याची तपासणी!

सकाळी साडेसातला पोचले तरी ऊन चटके देत होतं. शेतात शिरले आणि थांबलेच. प्रत्येक झाडाला चारी बाजूंनी तुराट्या रोवून सावली केलेली आणि प्रत्येक झाडापाशी काठीला सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगलेली, नळी थेट बुडाशी. अण्णांनी सरकारी दवाखान्यातून, मेडिकलवाल्यांकडून मागून मागून 160 बाटल्या जमवल्या होत्या. काकू डोक्यावर घागर घेऊन ओळीओळीने बाटल्या भरत होत्या, पाणी अर्ध्या किलोमीटरवरच्या हापशावरून आणायचं. म्हणाल्या, "पहाटं चारला उठतो मॅडम, मंग नंबर लागत न्हाई हापशावर."

मोजायला लागलो. वाळल्यासारखं दिसणारं झाड लगेच मेलं धरत नाहीत, नखाने साल जरा खरवडायची, आत हिरवं निघालं तर जिवंत. प्रत्येक संशयी झाडापाशी अण्णा आधी खाली बसायचे, स्वतः खरवडायचे आणि न बोलता बाजूला व्हायचे, म्हणजे मी बघावं. हिरवं निघालं की त्यांचा श्वास ऐकू यायचा. 121 जिवंत भरली. पाहिजे होती 128.

नऊ झाडं अशी होती की वरचं केसरचं कलम जळालेलं पण जोडाच्या खालून गावरान खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप) फुटलेला, छान तांबूस पालवी. ती धरली तर 130 होत होते. फोटोत दुरून कुणाला कळलंही नसतं. मी पेन हातात घेऊन उभी राहिले, आणि माझ्या मनात काय चाललंय ते अण्णांना समजलं असावं, कारण तेच म्हणाले, "ती नका धरू मॅडम. खुंट हाय तो, कलम न्हाई. उद्या कुनी तपासलं तर तुमची नोकरी जाईल."

मला रडू आलं. बांधावर जाऊन पाणी प्यायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. ज्या माणसाचे पैसे आठ महिने अडकवले तो माझ्या नोकरीची काळजी करतोय! शेतकऱ्याने एक कागद उशिरा दिला तर अर्ज बाद होतो, त्याला तारीख असते, मग त्याचा हप्ता किती दिवसांत गेलाच पाहिजे याला तारीख का नको? झाड तर निधीची वाट बघत थांबत नाही, त्याला एप्रिलमध्ये पाणी लागतं म्हणजे एप्रिलमध्येच लागतं.

अहवालात मी 121 च लिहिले. पण शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून वेगळं पान जोडलं, लागवड कधी, फाईल कधी गेली, आजपर्यंत जमा रक्कम शून्य, विहीर कधी आटली, आणि नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावायला, पावसाळ्यापर्यंत मुदत देऊन फेरतपासणी करावी. साहेब म्हणाले, एवढं कशाला लिहिलं, आपल्याच अंगलट येतं. मी म्हटलं सर, राहू द्या, खरं आहे ते. त्यांनी सही केली, तेवढं त्यांचं मी मानते.

पहिला हप्ता ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जमा झाला. त्यातला मोठा भाग व्याजातच गेला. त्याच्याआधीच जूनमध्ये काकूंनी दोन शेळ्या विकून वीस कलमं आणली होती, आणि त्या नऊ खुंटांवर गावातल्या एका पोराने जागेवरच केसरच्या काडीने पाचर कलम बांधलं, त्यातले सहा धरले. सप्टेंबरात परत मोजायला गेले तेव्हा 143 भरली. यावेळी अण्णा खाली बसले नाहीत, नुसते माझ्या मागे मागे हात मागे बांधून चालत होते.

सलाईनच्या बाटल्या धुऊन पोत्यात बांधून पत्र्याखाली ठेवल्यात, मार्चला लागतील म्हणाले. 30 टक्क्यांची फाईल मी दुसऱ्याच दिवशी वर पाठवली.