बसली आहेस ना?

आमच्या 1988च्या दहावीच्या वर्गातला मित्र परवा पहाटे गेला. झोपेतच, हृदयविकाराच्या झटक्यानं. घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. वर्गातल्यांना एवढं पुरे: गंगेला, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीला, पाणी आलं की फोन करायचा, तो.

पंचवटीतच वाढला, तिथेच राहिला. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचं कळलं की छत्री घेऊन घाटावर. मग पुण्याला, ठाण्याला, मला इंदिरानगरला फोन: "मारुतीच्या गुडघ्याला लागलं गं." तासाभरानं, "कमरेला आलं." बाहेरगावच्यांसाठी सांगते, रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे आणि नाशिककर पूर तिच्यावरच मोजतात. 2019च्या ऑगस्टमध्ये मारुती पाण्याखाली गेला तेव्हा त्यानं फोन केला, पण बोलला काहीच नाही. नुसता पाण्याचा आवाज ऐकवला.

वर्गातले आधी चौघं गेले. चारही वेळा मला त्याच्याकडूनच कळलं. आधी विचारायचा, "बसली आहेस ना? गाडीवर नाहीस ना?" मगच सांगायचा. जवळच्या प्रत्येकाला फोन झाल्याशिवाय ग्रुपवर टाकायचा नाही. कुणाचंही जाणं हात जोडलेल्या चित्राखाली वाचायला मिळू नये, असं त्याला मनापासून वाटायचं. मलाही वाटतं.

म्हणून सहा वाजता वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांना म्हटलं, ग्रुपवर आत्ता नको, मी सांगते एकेकाला. वही घेऊन बसले. शाळेत मुलं-मुली एकमेकांशी बोलतही नसू. त्या वहीतले निम्मे नंबर त्यानंच शोधून दिलेले. पहिला फोन पुण्याच्या मैत्रिणीला. तोंडातून त्याचंच वाक्य आलं, "बसली आहेस ना?"

"कोण गेलं?" ती लगेच म्हणाली. आणि मग, "पण तू का फोन करतेयस? तो कुठंय?"

मला बोलता येईना. तिला तेवढ्यावरूनच कळलं.

नंतरचे अकरा फोन कसे केले, आठवत नाही. दुपारी अमरधामला सतरा जण होतो. पाऊस थांबत नव्हता. त्याचा मुलगा वडिलांसारखाच उभा राहतो, एक हात पाठीमागे धरून. त्याच्याकडे बघवेना.

दहावा पुढच्या शुक्रवारी, सकाळी आठला, रामकुंडावर. विसर्ग असाच राहिला तर विधी वरच्या पायऱ्यांवर करू, असं गुरुजी म्हणाले. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी निघण्याआधी मला फोन करा. पाणी कुठवर आहे ते घाटावर जाऊन सांगते.