शेवटच्या शुक्रवारची ड्यूटी

२२ जानेवारी २०१० ची रात्रपाळी. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या एका लहान शहरात, एनबीसी या टीव्ही नेटवर्कचे कार्यक्रम दाखवणाऱ्या स्थानिक वाहिनीच्या मास्टर कंट्रोलमध्ये मी नोकरीला होतो. नेटवर्कचा कार्यक्रम सॅटेलाइटवरून यायचा, आमच्या बातम्या खालच्या स्टुडिओतून, आणि गावातल्या फर्निचरवाल्याच्या, गाड्यांच्या शोरूमच्या जाहिराती सर्व्हरवर असायच्या. हे सगळं सेकंदाबरहुकूम एकापाठोपाठ हवेत सोडायचं, हे आमचं काम.

त्या रात्री ८ ते १० हैतीच्या भूकंपग्रस्तांसाठी मदतनिधीचा कार्यक्रम होता. त्यात एकही जाहिरात नाही, म्हणजे दोन तास हात मोकळे. त्या वेळात एक काम उरकता आलं असतं, पण ते मी मुद्दाम टाळत होतो. मालक कंपनीने आमचं मास्टर कंट्रोल बंद करून दूरच्या एका केंद्रातून, म्हणजे हबमधून, सगळं चालवायचं ठरवलं होतं. मार्चअखेर आमची पाच जणांची नोकरी जाणार होती, आणि जाण्याआधी हबवाल्यांसाठी कामाच्या नोंदी लिहून द्यायच्या होत्या. मी सतरा पानं लिहिली होती. फक्त एक गोष्ट गाळली होती. सॅटेलाइटच्या डिशवर बर्फ साचू नये म्हणून जो हीटर असतो, तो आमच्याकडे आपोआप चालू होत नसे. बर्फ पडायला लागायच्या आधी हाताने लावावा लागे. त्याचा स्विच जनरेटरच्या खोलीत, दाराच्या मागच्या भिंतीवर. दार उघडं असलं की स्विच झाकला जायचा. आत जाऊन दार लावून घेतलं तरच दिसायचा. बसू देत शोधत, असं मनात होतं माझ्या.

साडेदहाच्या सुमारास माझा सीनियर आला. त्याची सुट्टी होती. २२ मे १९९२ ला सूत्रधार जॉनी कार्सनने ३० वर्षांनंतर 'द टुनाइट शो' या एनबीसीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा निरोप घेतला, तेव्हा याच खोलीत त्याची पाळी होती. आज त्याच कार्यक्रमाचा सूत्रधार कोनन ओब्रायनचा शेवटचा भाग होता, आठ महिनेही पुरे न होता. "एकट्याने बघू नकोस म्हणून आलो," एवढंच म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

मला त्या दिवसांत एक गोष्ट सतत टोचत होती. कोननला घालवण्यात आमच्यासारख्या वाहिन्यांचाही हात होता. १९९३ मध्ये, पडद्यावर कुणी फारसं न पाहिलेल्या या लेखकाला एनबीसीने रात्री १२.३५ चा कार्यक्रम दिला. तो त्याने १६ वर्षं टिकवला. 'टुनाइट' तुलाच मिळेल, हा शब्द त्याला २००४ मध्येच दिलेला होता. ११.३५ च्या 'टुनाइट'ची खुर्ची मिळाली १ जून २००९ ला. पण नेटवर्कला 'टुनाइट'चा आधीचा सूत्रधार जे लेनो यालाही सोडायचं नव्हतं. सप्टेंबरपासून त्याला रोज रात्री १० ची वेळ दिली. पूर्वी तिथे मालिका असायच्या. १० वाजताचा प्रेक्षक उठून गेला की ११ च्या आमच्या बातम्यांना माणसं कुठून येणार? आणि स्थानिक वाहिनीचं पोट त्याच बातम्यांच्या जाहिरातींवर चालतं. देशभरातल्या वाहिन्यांनी ओरड केली, आमच्या मॅनेजरनेही केली. प्रेक्षकसंख्येचे ते कागद मी स्वतः त्याच्या टेबलावर पाहिले होते. आमची तक्रार खोटी नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण चूक १० वाजताची आणि त्याची भरपाई ११.३५ वाल्याने करायची, हा न्याय मला कधीच पटला नाही. लेनोला ११.३५ ला अर्धा तास आणि कोनन १२.०५ ला, असा तोडगा निघाला. १२ जानेवारीला कोननने लेखी नकार दिला. 'टुनाइट' उद्यावर ढकलला तर तो 'टुनाइट' राहत नाही, असं त्याचं म्हणणं. आपल्यामागून येणाऱ्या जिमी फॅलनचा कार्यक्रमही आणखी उशिरा जाईल, हेही त्याने लिहिलं होतं. स्वतःची खुर्ची जाताना मागच्या माणसाचा विचार करणं मला फार मोठं वाटलं.

११.३५ ला नेटवर्क घेतलं. शेवटचा भाग लांबला तर ऑटोमेशन घड्याळ बघून मध्येच जाहिरात सोडेल, या भीतीने मी सगळं मॅन्युअलवर घेतलं आणि तासभर बटणावर बोट ठेवून बसलो. तळहाताला घाम आला होता.

मग कोनन बोलला. आवाज दाटला होता. ज्या नेटवर्कशी भांडून निघाला होता, त्याचेच त्याने वीसेक वर्षांच्या कामाबद्दल आभार मानले. आणि तरुण प्रेक्षकांना हात जोडल्यासारखं सांगितलं, मन कडवट होऊ देऊ नका. ठरवलं होतं अगदी तेच कुणालाच मिळत नाही. पण मेहनत केली आणि माणसांशी नीट वागलात तर विलक्षण गोष्टी घडतात. शेवटी विल फेरेल गायला, कोनन गिटार वाजवत राहिला. ब्रेक वेळेवर गेले. लॉगमध्ये मी 'त्रुटी नाही' लिहून सही केली.

पुढे सप्टेंबरपर्यंत टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम करायला त्याला करारानेच बंदी होती. तो थेट रंगमंचावर गेला. १२ एप्रिलला ऑरेगनमधल्या युजीनपासून दौरा सुरू केला. ८ नोव्हेंबरला टीबीएस या केबल वाहिनीवर परतला, तिथे २०२१ पर्यंत राहिला. २०१८ मध्ये पॉडकास्ट काढलं, आणि २ मार्च २०२५ ला ऑस्करचं सूत्रसंचालन केलं. मी सहा महिने घरी बसलो आणि मग स्ट्रीमिंगच्या कामाला लागलो. जुलै २०२५ मध्ये सीबीएस या दुसऱ्या नेटवर्कवरचा स्टीव्हन कोल्बेअरचा 'लेट शो' हा असाच रात्रीचा कार्यक्रम पुढच्या मे महिन्यात बंद करणार असल्याची बातमी आली, तेव्हा मी सीनियरला फोन केला. त्याला आधीच कळलं होतं.

पण त्या रात्रीचं राहिलं. दोन वाजता मी नोंदींची फाइल उघडली आणि अठरावं पान जोडलं. हीटर, जनरेटरची खोली, आत जाऊन दार लावून घ्या, स्विच उजव्या हाताला. छापून सीनियरसमोर ठेवलं. त्याने चष्मा लावून वाचलं, खिशातली पेन्सिल काढली आणि खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. तीन नंबरच्या रिसीव्हरबद्दल होत्या. मलाही ते माहीत नव्हतं.