१ जानेवारी, भिगवण : ६४ जाती आणि एक पिवळ्या पायांचा

वर्षाची पहिली नोंद पिंगळ्याची. पहाटे साडेचारला गाडीत सामान टाकत होते, तेव्हा सोसायटीतल्या गुलमोहरावर दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. गेल्या वर्षी हा मान पारव्याने पटकावला होता, कारण तो आमच्या बाल्कनीत बिनभाड्याने राहतो. त्यामानाने यंदा बरंच म्हणायचं.

१ जानेवारीला पक्षी मोजायला भिगवण गाठायचं हे आता चौथं वर्ष. दिवसभरात दिसलेल्या जातींचे आधीचे आकडे ५२, ७१, ७८ आणि यंदा ६४. सोलापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी अर्धा तास खाल्ला, पण दोष त्यांचा नाही. उजनी धरण अजून तुडुंब आहे. पाणी उतरलं की काठचा चिखल उघडा पडतो, त्यात किडे-अळ्या असतात आणि त्यावर ही सगळी चिखलपायी मंडळी जगतात. रोहितालाही (फ्लेमिंगो) मान खाली घालून चोच गाळायला उथळ पाणी लागतं. पानंच मांडली नाहीत तर पंगत कुठून बसणार? रोहित दिसले ते एकूण अकरा, तेही लांब, धुक्यात गुलाबी डाग.

पाण्यावर पोहणाऱ्यांची मात्र चंगळ होती. वारकरी, म्हणजे ते काळे पाणपक्षी, मोजायचा नाद सोडला. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रवाकाच्या तीन जोड्या. डिकसळच्या बाजूला ३८ पट्टकादंब हंस, डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीशिवाय दिसतील इतके जवळ. हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे हरभऱ्याच्या कडेला शेजारच्या बदकांसारखे चरत होते. एक ऑस्प्रे, म्हणजे मासेमार शिकारी पक्षी, मासा घेऊन डोक्यावरून गेला. माशाचं तोंड पुढे, शेपूट मागे, तो नेतो तसाच.

आता मुख्य गोष्ट. कुंभारगावच्या काठाला, गवताला लागून, दोन हात रुंदीची चिखलाची पट्टी तेवढी शिल्लक होती. तिथे चिमणीएवढा एक टिलवा, म्हणजे चिखलात टिपणारा छोटा पक्षी. तीन वर्षं मी असा कुठलाही पक्षी दिसला की डोळे मिटून 'छोटा टिलवा' लिहून मोकळी होत आले. पण छोटा टिलवा थव्याने, उघड्यावर, शिवणयंत्राच्या सुईसारखा टोचत पळतो. हा एकटा होता, गुडघे मोडून, गवताच्या मुळाशी सरपटल्यासारखा चालत होता. पाठ सपाट मातकट, छातीवर धुरकट पट्टा. पाय? काळे. म्हणजे छोटाच, असं लिहायला पेन काढलं.

होडीवाले दादा म्हणाले, "ताई, थांबा जरा. चिखलात उभाय तो. पाय धुऊ द्या की त्याला."

चिखलाने माखले की सगळ्यांचेच पाय काळे! दहा मिनिटं होडी तशीच उभी ठेवली. मग तो दोन पावलं पाण्यात उतरला, बाहेर आला, आणि पाय हिरवट पिवळे. उडाला तेव्हा शेपटीच्या कडा पांढऱ्या स्वच्छ. टेमिंकचा टिलवा! माझ्यासाठी नवा. दादांना त्याचं नाव माहीत नव्हतं, पण 'हा गवताकडचा वेगळा' हे त्यांच्या कधीच लक्षात आलं होतं.

नऊनंतर गर्दी झाली. एक होडी स्पीकर लावून थेट त्या अकरा रोहितांवर घातली, उडतानाचा फोटो हवा म्हणून. उडाले ते परत बसलेच नाहीत. भाडं भरणाऱ्याला नाही म्हणणं होडीवाल्याला जड जातं हे कळतं, म्हणून राग फोटोवाल्यांचा जास्त आला.

दुपारी चिलापीचं कालवण आणि भाकरी, मग माळरानावर दोन तास. डोंबारी चंडोल, माळटिटवी, कापशी, खरूची. धाविक याही वर्षी नाही.

घरी येऊन जुने फोटो उघडलेत. 'छोटा टिलवा' म्हणून ठेवलेले एकूण ४३. अकरा तपासून झाले, त्यातल्या दोघांचे पाय पिवळे निघाले. एका फोटोत गुडघ्यापर्यंत चिखल आहे.