बासष्ट टक्क्यांची भाची

२९ जून २०२५, रविवार

आमच्या कॉलेजच्या गेटवर बारावीच्या निकालाचा फलक अजून लटकतोय. नव्वदच्या पुढचे सगळे फोटोसकट आहेत. जे राहिले, त्यांच्यासाठी पुरवणी परीक्षेचे जादा तास होऊन गेले. मधल्या गठ्ठ्याचं, म्हणजे ५५ ते ७० टक्क्यांतल्या मुलांचं, पुढे काय होतं याची नोंद कुठेच नसते. वर्गात सगळ्यात जास्त तीच असतात. दाखला घेतात आणि गावात कोणी सांगेल तिथे नाव घालतात. आज त्या गठ्ठ्यातली एक माझ्याच घरी आली, म्हणून लिहून ठेवतोय.

ताई, दाजी आणि भाची सकाळच्या गाडीने रावेरहून भुसावळला आले. दाजींच्या हातात फाईल. बारावी सायन्स ६२ टक्के, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, ५७ पर्सेंटाइल. दाजी म्हणाले, "बासष्ट अन् सत्तावन, म्हंजे पाचच टक्क्यांचा फरक ना?" असं कितीतरी पालकांना वाटतं. शांतपणे समजावलं की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत. ५७ पर्सेंटाइल म्हणजे त्या गटाची परीक्षा दिलेल्या शंभरातले साधारण ५७ जण तिच्याएवढे किंवा तिच्या मागे, बाकीचे पुढे. तिला २०० पैकी किती गुण पडले हे त्यातून कळत नाही. लाखोंच्या रांगेत ती कुठे उभी आहे, एवढंच कळतं. भाची मान खाली घालून बसली होती. तिला ऐकू जाईल असं म्हटलं की ती अर्ध्याहून जास्त रांगेच्या पुढे आहे.

खरी काळजी वेगळीच निघाली. तालुक्याच्या गावी एकाने ऑफिस थाटलंय. "पुण्याला कॉम्प्युटरला बसवून देतो, ॲडव्हान्स भरा," असं तो दाजींना म्हणाला. कॉलेजचं नाव विचारलं तर दाजींना सांगता येईना. शहर पुणे, शाखा कॉम्प्युटर, एवढ्यावर ते पैसे भरायला निघाले होते. वर्षाचं केळीचं उत्पन्न त्यात गेलं असतं.

मी फक्त सरकारी निर्णय समोर ठेवला. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरतं. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. कॉलेज स्वतः भरतं त्या व्यवस्थापन कोट्यातून गेली की सवलत गेली. दाजींनी निर्णयाचा कागद स्वतः वाचला. नंतर मोबाईल काढला आणि त्या माणसाला "थांबा सध्या" एवढंच सांगितलं. मला फार बरं वाटलं.

जातीचं प्रमाणपत्र आहे. व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचा कागद, ताईने भाची अकरावीत असतानाच काढून घेतली, सगळे नको म्हणत असताना. आज त्या एका कागदामुळे आम्ही निश्चिंत आहोत. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, मात्र ३१ मार्चला संपलं. दाजींनी उद्या सेतू केंद्रात अर्ज टाकायचा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत जोडून. भाची आठवडाभर इथेच राहील.

१ जुलै, मंगळवार

काल तिच्याशी एकटीशी बोललो. आईबाप समोर असले की ती "तुम्ही म्हणाल ते" म्हणते आणि गप्प होते.

गुणपत्रक मागवलं. केमिस्ट्री ७६, बायोलॉजी ७१, मराठी ७०, फिजिक्स ५८, इंग्रजी ५२, गणित ४६. बेरीज ३७३, म्हणून ६२ टक्के. दोन महिने घरात, गावात, लग्नकार्यात सगळे तिला बासष्ट म्हणून ओळखतायत आणि ती स्वतःलाही तसंच समजायला लागली आहे. पण बासष्ट ती कुठल्याच विषयात नाही. केमिस्ट्रीत चांगली आहे, गणितात तिला हात द्यावा लागणार आहे. कॉलेज शोधायचं ते या दोन्ही गोष्टी धरून. कॉम्प्युटरला घातली तर चार वर्षं तिला जे जड जातं तेच पुढे करावं लागेल, आणि जे येतं त्याची गरजच पडणार नाही. अशी मुलं मी पाहिली आहेत. दुसऱ्या वर्षापासून घरी फोन करणं कमी करतात.

"तुला काय आवडतं?" हा प्रश्न मी विचारत नाही. अठराव्या वर्षी त्याला खरं उत्तर देता येत नाही, मुलं मोबाईलवर ऐकलेलं काहीतरी सांगतात. कोणी न सांगता ती काय करते, ते विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, आपल्याकडे केळी पिकवणीच्या खोलीत गॅस सोडतात तो इथिलीनच ना? पुस्तकात अल्कीनमध्ये आहे तोच? मग कार्बाईडने पिकवलेलं केळ वरून पिवळं अन् आतून कच्चं का राहतं?" पाठोपाठ आणखी कितीतरी विचारत गेली. सावद्याच्या ओळखीच्या वेफर्सवाल्याकडे तळताना काप काळे पडू नयेत म्हणून काय करतात, ते तिने पाहून ठेवलंय. घरी दोन-तीन वेळा करूनही पाहिलंय. आईला वाटलं, पोरगी तेल वाया घालवतेय.

मी केमिस्ट्रीचा माणूस. एवढं ऐकून मला कोणता रस्ता दिसला असेल ते सांगायला नको. पण तिला काही सुचवलं नाही. इथिलीनचं तेवढं समजावलं, आणि रात्री कॅपची माहितीपुस्तिका तिच्याच हातात दिली. कुठकुठल्या शाखा असतात ते तूच शोध, म्हटलं. सकाळी पाहिलं तर फूड टेक्नॉलॉजीखाली पेन्सिलीची रेघ होती.

४ जुलै, शुक्रवार

जळगावला विद्यापीठात जाऊन आलो. हायवेवर, बांभोरीकडे जाताना गिरणेच्या अलीकडे. रासायनिक तंत्रज्ञानाची विद्यापीठाची स्वतःची संस्था तिथेच आहे, सगळे अजून यूडीसीटी म्हणतात. केमिकल इंजिनिअरिंगबरोबर तिथे फूड, ऑइल, पेंट, प्लास्टिक अशा तंत्रज्ञानाच्या शाखा आहेत. जळगावात प्लास्टिकच्या चटया होतात, पाइप होतात, डाळ मिल आहेत, केळी तर जिल्ह्याची ओळखच. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं ज्यांच्या घराच्या तासाभराच्या अंतरावर आहे, त्यातल्या कितीतरी पालकांना या शाखा माहीतच नाहीत. त्यांना फक्त पुण्याच्या बसची वेळ माहीत असते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

१९९० मध्ये हे विद्यापीठ झालं तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरांना पुणे विद्यापीठाकडे बघायची गरज संपली, असं तेव्हाची माणसं म्हणायची. २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. आसोद्याची, अक्षरओळख नसलेली बाई. भाचीने कमानीवरचं नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "आजीसारखं बोलायच्या ना त्या?" तिच्या आजीच्या तोंडी अजूनही केयी (केळी) आणि डोयाच (डोळाच) असतं.

प्रश्न तिने विचारायचे आणि मी लांब थांबायचं, असं ठरवलं होतं. सरांनी, माहितीपत्रकाने जे सांगायचं ते सांगितलंच. माझा भर शिकणाऱ्या मुलींशी बोलण्यावर होता. वसतिगृहाकडे जाणाऱ्या दोघी भेटल्या, त्यातली एक चोपड्याकडची. भाचीने तिला थेट विचारलं, "गणितात मागे पडलं तर काय होतं?" माझ्या मते साठीतल्या मुलाने कॉलेज निवडताना विचारायचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. पहिला आलेला कुठेही शिकतो. मागे पडणारा कोणाच्या लक्षात येतो का, आणि कधी, यावर साधारण मुलाची चार वर्षं ठरतात. ती मुलगी खरं बोलली. तिचं स्वतःचं पहिल्या सेमिस्टरला गणित राहिलं होतं, पुढच्या वर्गात जाऊन पुन्हा परीक्षा देऊन, म्हणजे एटीकेटीत, सुटलं. सीनियरच्या वह्या मिळाल्या आणि खोलीतल्या मुलीने रोज बसवून सोडवून घेतलं. "रडली होती मी," म्हणाली, "पण निघतो तो विषय." परतीच्या एसटीत भाची खूप बोलत होती.

कोणत्याही कॉलेजात गेलात तर विचारावं, असं मी वर्गातल्या मुलांनाही सांगतो: प्रॅक्टिकल खरंच होतात का, की जर्नल उतरवून घेतात? शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर दरवर्षी बदलतात? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजता बंद होतं? प्लेसमेंटच्या फलकावर एकाच मुलाचा फोटो असतो, बाकीचे काय करतात? कँटीनमध्ये तासभर बसलं तरी यातलं बरंच कळतं.

६ जुलै, रविवार, आषाढी

भगर खाऊन वही काढली. दुपारी दाजींचा फोन. भाचीने आईला सांगितलं होतं, आईने त्यांना. दाजी चिडलेले नव्हते, दुखावलेले होते. "केयीतून बाहेर निघावं म्हनून तं तिले शिकवलं, अन् तू पुन्हा केयीतच घालतो तिले?"

त्यांचं म्हणणं मला कळतं. मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी झालेली त्यांनी कितीदा पाहिली आहे. भाव दुसरा कोणी ठरवतो. पोरगी यातून सुटावी, असं बापाला वाटणारच. मी म्हटलं, दाजी, तुम्ही कच्चा माल गाडीत भरून देता तिथे तुमचं काम संपतं. पिकवणं, टिकवणं, पाकिटात घालणं, तपासणं, हे सगळं त्यानंतर होतं, आणि पैसाही तिथेच वाढतो. ती शिकणार आहे ते पुढचं. ते काम केळीपुरतंही नाही. दूध, डाळ, मसाला, औषधाच्या कारखान्यातली प्रयोगशाळा, सगळीकडे असतं. दाजी लगेच हो म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "होस्टेल हाय का तिथी?" यात त्यांचं निम्मं उत्तर आलं.

संध्याकाळी कच्ची यादी केली. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय आहेत, पण त्यातली अक्षरं वाचता आली पाहिजेत. सुरुवातीला जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटी एच असेल तर आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांसाठी, ओ असेल तर बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तर. भाचीला हे दहा मिनिटांत जमलं, मग तिनेच मला दुरुस्त करायला सुरुवात केली.

यंदा नियमही बदललाय. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, तर तीच जागा पक्की होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाली तरी तसंच, मग पुढे सरकता येत नाही. म्हणून वरच्या सहा ओळींत कोणाला बरं वाटावं म्हणून एकही नाव नको, हे मी तिला दोनदा सांगितलं. मिळालं तर जाशील का? जाणार नसशील तर खोड. तिने पुण्याची दोन नावं स्वतः खोडली. एक ठेवलं, केमिकलचं. ते का ठेवलं हे तिला नीट सांगता आलं, म्हणून मीही ठेवलं.

पहिलं जळगाव, फूड. दुसरं तिथलंच केमिकल. पुढे शिरपूर, धुळे. परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयाचा अर्ज वेगळा, तो कृषी विद्यापीठांच्या प्रवेश प्रक्रियेतून जातो. तिथे दाजींचा सातबारा जोडला की गुणांत अधिभार मिळतो, त्यामुळे तोही भरायचा. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एक वर्ष जास्त लागतं, पण गणिताचा पाया पक्का होतो. मला हा रस्ता कमी दर्जाचा वाटत नाही. तिला तो शेवटून दुसरा हवा आहे, तर शेवटून दुसरा. शेवटी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, जळगाव किंवा अमळनेर. तो प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो आणि त्याच्या तारखा कॅपची वाट बघत नाहीत, म्हणून तो अर्ज उद्याच.

दाजींचा रात्री निरोप आला, प्रांत कार्यालयातून नॉन-क्रिमिलेअर मंगळवारी मिळेल. मिळालं की बुधवारी कागदपत्र पडताळणी. घरी बसून ऑनलाइन पडताळणी, ई-स्क्रुटिनीही करता येते, पण आम्ही सुविधा केंद्रावरच जाणार. नावातली एखादी वेलांटी चुकली असली तर समोरचा माणूस तिथल्या तिथे दाखवतो. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स भाचीने काढून आणल्यात, मूळ प्रती ताईच्या पिशवीत. आणि वेफर्स काळे पडण्याचं कारण मी अजून तिला पूर्ण सांगितलेलं नाही. उद्या तास संपल्यावर तिला प्रयोगशाळेत बोलावलंय.