रेकीच्या वर्गासाठी लागलेले डॉक्टरांचे पत्र

गेल्या पावसाळ्यात कोथरूडमधील एका केंद्रात मी रेकीची, म्हणजे अंगावर तळहात ठेवून उपचार करण्याच्या जपानी पद्धतीची, पहिली पदवी आणि तिला जोडून शिकवली जाणारी श्वसनसाधना असा वर्ग पूर्ण केला. वर्ग केवळ दोन दिवसांचा होता. परंतु त्यात बसण्याची परवानगी मिळेपर्यंत सव्वा महिना गेला आणि तो सगळा काळ एका कागदामागे धावण्यात संपला. माझ्यासारखे रक्तदाबाची गोळी घेणारे अनेकजण अशा वर्गांना जातात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझे वय ६१ आहे. यजमानांच्या बायपासनंतर रात्रीची झोप उडाली होती, आणि शेजारच्या वहिनींनी हा वर्ग सुचवला. नाव नोंदवणे, शुल्क भरणे ही कामे एका दुपारी झाली. अडचण अर्जाच्या शेवटच्या पानावर होती. तेथे आधीच छापलेले वाक्य होते: ‘सदर व्यक्ती रेकी व प्राणायाम करण्यास वैद्यकीयदृष्ट्या पूर्णतः सक्षम आहे.’ त्याखाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा होता.

यजमानांचे उपचार ज्या रुग्णालयात झाले, तेथेच माझीही तपासणी होत असल्याने मी तो कागद घेऊन तेथे गेले. पहिल्या दिवशी अडीच तास बसल्यावर डॉक्टरांना तातडीच्या रुग्णासाठी जावे लागले. दुसऱ्या खेपेला त्यांनी कागद वाचला आणि पेन खाली ठेवले. ‘‘काकू, तुमचा रक्तदाब किती आहे आणि कोणती गोळी चालू आहे, हे मी लिहून देतो. पण ‘पूर्णतः सक्षम’ असं मी कोणाबद्दलच लिहीत नाही, आणि रेकीबद्दल मी काय लिहिणार?’’ असे ते म्हणाले. त्यांनी वेगळ्या कागदावर रक्तदाब १४८/९२ आणि औषधाचे नाव लिहून दिले. तो कागद केंद्रात दाखवला, तेव्हा तेथील मुलीने तो हातातही घेतला नाही. ‘‘मॅडम, आमच्याच नमुन्यात हवं,’’ एवढेच ती म्हणाली.

तिसऱ्या खेपेला समजले की रुग्णालयात प्रमाणपत्रांची खिडकी वेगळी आहे आणि ती आठवड्यातून दोनच दिवस दुपारी उघडते. भर पावसात छत्री सांभाळत शुक्रवारी तेथे पोहोचले. नोकरी, विमा आणि प्रवास यांसाठीच प्रमाणपत्र मिळते, योगवर्गासाठी तशी सोय नाही, असे खिडकीमागच्या गृहस्थांनी सांगितले. त्याच रविवारी माझा वर्ग माझ्याविना पार पडला. शुल्क पुढच्या वर्गासाठी धरले जाईल, असा निरोप तेवढा आला. त्या संध्याकाळी मला मनापासून राग आला होता. रागावण्याजोगे खरोखर काय होते, हे मात्र नंतर कळले. डॉक्टरांचे बरोबरच होते, आणि केंद्राने आरोग्याची चौकशी करणेही योग्यच होते. चूक त्या छापील वाक्यात होती, कारण त्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ याखेरीज काही सांगायला जागाच नव्हती.

शेवटी नळ स्टॉपजवळच्या आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. तोवर कोणीच न विचारलेला प्रश्न त्यांनी पहिल्याच मिनिटाला विचारला: ‘‘वर्गात नेमकं काय करून घेणार आहेत?’’ मला ते ठाऊक नव्हते. तीन वेळा दूरध्वनी केल्यावर शिक्षिका मिळाल्या आणि त्यांनी यादी सांगितली: अनुलोम-विलोम, भ्रामरी (भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडणे), कपालभाती (झटक्याझटक्याने श्वास बाहेर टाकणे), भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणे आणि सोडणे) आणि कुंभक (श्वास रोखून धरणे). डॉक्टरांनी ती यादी समोर ठेवून पाच ओळी लिहिल्या. संथ श्वसन आणि भ्रामरी चालेल. कपालभाती आणि भस्त्रिका करू नये. श्वास रोखून धरू नये. गोळी बंद करू नये. चक्कर आल्यास लगेच थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख. शिक्षिकांशी त्यांनी स्वतः दोन मिनिटे बोलणे केले, आणि सव्वा महिना अडलेला माझा अर्ज दुसऱ्या दिवशी मंजूर झाला.

म्हणून माझे सांगणे असे की छापील नमुना घेऊन डॉक्टरांकडे जाऊ नये. वर्गातील प्रत्येक क्रियेचे नाव लिहून न्यावे. रक्तदाबाखेरीज हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, अपस्मार, गर्भारपण किंवा पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया असेल, तर वेगवान आणि जोरकस श्वसनक्रिया टाळायला सांगतात. त्यामुळे यांपैकी काही असल्यास ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.

पत्र मिळाले म्हणून काम संपले, असेही समजू नये. माझे पत्र फाइलीत गेले आणि तेथेच राहिले. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षिकांनी सर्वांना भस्त्रिका सुरू करायला सांगितली, तेव्हा मी हात वर करून पत्राची आठवण दिली आणि शांत बसून राहिले. शेजारच्या बाईंना थोड्याच वेळात गरगरू लागले आणि बोटांना मुंग्या आल्या. ही ऊर्जा जागृत होण्याची खूण आहे, असे त्यांना सांगण्यात आले. मला ते मुळीच पटले नाही, आणि मी तसे बोलूनही दाखवले. भराभर आणि खोल श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून चक्कर येते आणि बोटांतल्या मुंग्याही कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यानेच येतात, हे डॉक्टरांनी मला आधीच समजावले होते. ती थांबण्याची सूचना असते. हठप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथातही सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात, तसाच श्वास हळूहळू साधावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असे बजावलेले आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामची स्थापना केली आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. पुण्यापासून इतक्या जवळ ही परंपरा असताना आपल्या शहरातील वर्गांत मुंग्यांना ऊर्जा म्हटले जावे, याचे मला फार वाईट वाटते.

रेकीचा भाग त्या मानाने अगदी सुरळीत पार पडला. मिकाओ उसुई यांनी जपानमध्ये कुरामा पर्वतावर २१ दिवस उपवास आणि ध्यान करून १९२२ मध्ये ही पद्धत मिळवली, अशी परंपरा सांगते. पुढे उसुईंचे शिष्य चुजिरो हायाशी आणि त्यांच्या शिष्या हवायो ताकाता यांच्यामार्फत ती हवाई बेटांवर आणि तेथून अमेरिकेत गेली. शिक्षिकांनी दीक्षा दिली, डोळ्यांपासून पावलांपर्यंत तळहात ठेवण्याच्या जागा शिकवल्या आणि २१ दिवस स्वतःवर उपचार करायला सांगितले. तळहात उबदार होतात, मन निवते आणि मला झोप लागते, हा माझा खरा अनुभव आहे. त्यामागे एखादी वैश्विक ऊर्जा आहे, असे विज्ञानाने सिद्ध केलेले नाही, आणि रेकीने एखादा आजार बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. ‘फक्त आजच्या दिवसापुरते रागावू नकोस, काळजी करू नकोस’ ही उसुईंची तत्त्वे मात्र मी रोज सकाळी म्हणते, आणि त्या खिडकीची आठवण आली की पहिले तत्त्व दोनदा म्हणते. रेकी सुरू केल्यावर गोळ्या सोडा, असे कोणी सांगितले, तर तो वर्ग त्याच क्षणी सोडावा.

एक गोष्ट वर राहून गेली. श्वसनाला नेहमी रिकाम्या पोटी, ताठ पाठीने आणि मोकळ्या हवेच्या खोलीत बसावे. मी खुर्चीवरच बसते, कारण गुडघे दुखत असताना मांडी घालून श्वास संथ होत नाही. मनात चार आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात; एरवी शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे १२ ते २० होतात. मोजताना दम लागू लागला, तर मी आकडे कमी करते. दहा मिनिटे मला पुरतात.

पत्राची मूळ प्रत केंद्र परत देत नाही, तेव्हा आधीच दोन छायाप्रती काढून ठेवाव्यात. दुसऱ्या पदवीसाठी सहा महिन्यांच्या आतील तारखेचे पत्र लागते, असे त्याच मुलीने मला निघताना सांगितले. नव्या पत्रासाठी येत्या सोमवारी मी नळ स्टॉपलाच जाणार आहे, आणि क्रियांची यादी या वेळी मी शिक्षिकांकडून आधीच लिहून घेतली आहे.