माझी नवी सीट आणि एक पुठ्ठा

सव्वा तास. माझ्या मोटारसायकलवर मला इतकाच वेळ नीट बसता यायचं. मग आधी डावीकडे टोचायला लागायचं, थोड्या वेळाने दोन्हीकडे, आणि शेवटी मांडीच्या मागून खाली मुंग्या उतरायच्या. मी फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभी राहायचे, बूड पुढे-मागे सरकवायचे, पुन्हा दहा मिनिटं काढायचे. तीन वर्षं असंच चाललं. सगळा दोष मी स्वतःच्या शरीराला दिला. पाठ कच्ची आहे, सवय कमी पडते, असं मनाला सांगत राहिले. सीटच चुकीची असेल हे फार उशिरा डोक्यात आलं.

पहिला उपाय म्हणून जेलची गादी आणली, सीटवर पट्ट्यांनी बांधायची असते ती. हाताने दाबली तेव्हा इतकी मऊ लागली की आता प्रश्न मिटलाच असं वाटलं. पहिली वीस मिनिटं मिटलाही होता. मग हाडांखालचं जेल दाबून बाजूला गेलं आणि खालचा कडकपणा पुन्हा लागायला लागला. उन्हात उभी केलेली गाडी घेतली की ती गादी तव्यासारखी तापलेली असायची आणि लवकर निवायची नाही. त्यातून वळणावर ती अंगाखाली किंचित सरकायची. बसण्याची जागाच हलते आहे ही जाणीव मला भीतीदायक वाटली. आठवड्याभरात मी ती काढून टाकली.

मग मी पुठ्ठा घेतला. खोक्याचा, पन्हळी असलेला. कडक खुर्चीवर ठेवला, पाय थोडे उंचावून त्यावर बसले, जरा पुढे झुकले आणि उठले. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. बसताना आपलं वजन मुख्यतः कमरेच्या हाडाच्या तळाशी असलेल्या दोन टोकांवर येतं, आणि ती नेमकी कुठे टेकतात ते हे खळगे दाखवतात. माझ्या दोन खळग्यांच्या मध्यांत 13 सेंटिमीटर अंतर भरलं.

हाच आकडा घेऊन गाडीपाशी गेले. सीटला पुढे उतार होता, त्यामुळे मी हळूहळू घसरत टाकीजवळच्या अरुंद भागात येऊन बसत होते. तिथे सीटचा सपाट भाग जेमतेम 10 सेंटिमीटर. म्हणजे माझी दोन्ही हाडं सपाटीच्या बाहेर, कडेच्या उतारावर टेकत होती, आणि वजन मधल्या नाजूक भागावर येत होतं. अंगठ्याने जोरात दाबलं तर फोम संपून खालची प्लास्टिकची बेस प्लेट हाताला लागली. तीन वर्षांचं दुखणं मोजपट्टीवर दिसत होतं. मला खरंच हलकं वाटलं.

मूळ सीट तशीच जपून ठेवायची होती, म्हणून त्याच मॉडेलची एक जुनी सीट मिळवली आणि सीट बांधणाऱ्या कारागिराकडे दिली. त्यांनी मला गाडीवरच बसवलं, गाडी चालवताना घालते तीच पँट घालून, आणि मी कुठे बसते त्याच्या खुणा खडूने केल्या. जुना फोम काढला. खाली घट्ट फोमचा जाड थर, वर मऊ फोमचा पातळ थर. मी आधी उलट समजत होते, मऊ थर जितका जाड तितकं सुख. पण मऊ फोम वजनाखाली चेपून तळाला जातो, हाडं पेलतो तो घट्ट फोमच. माझी बसायची जागा रुंद आणि आडवी सपाट केली, उतार काढला.

माझी खरी काळजी उंचीची होती. माझी उंची 5 फूट 3 इंच, आणि नवी सीट अडीच सेंटिमीटरने वर गेली. त्यावर त्यांनी पुढचं नाक दोन्ही बाजूंनी तासून अरुंद केलं. सिग्नलला थांबताना मी पुढे सरकते, तिथे मांड्या फाकत नाहीत आणि पाय सरळ खाली जातात. आता डावा पाय पूर्ण टेकतो, उजव्याचा चवडा.

सीट बदलणं दहा मिनिटांचं काम: दोन बोल्ट, मागचं लॉक. फक्त खालचे रबरी ठोकळे जुन्या सीटवरून न चुकता नव्या सीटला लावा. भार फ्रेमवर तेच टेकवतात. ते नसतील तर बेस प्लेट भलत्याच जागी दाबली जाऊन तडकू शकते. हो, आणि आरसे पुन्हा जुळवा, डोळे वर गेलेले असतात.

पहिल्या दिवशी सीट फळीसारखी वाटली आणि मी खट्टू झाले. पण सव्वा तास झाला, दीड झाला, टोचलं नाही. दोन तासांनी लक्षात आलं की मनगटंही दुखत नाहीयेत. आधी मी घसरू नये म्हणून हँडलला रेटा देत स्वतःला सतत मागे ढकलत होते. हे मला तोवर कळलंच नव्हतं.

मागे बसणाऱ्याच्या जागेला आम्ही हात लावला नव्हता. नवरा मागे बसला की अजूनही हळूहळू माझ्या पाठीवर येतो, आणि तासाभराने त्याचं माकडहाड दुखतं. काल त्याला पुठ्ठ्यावर बसवलं. त्याच्या खळग्यांतलं अंतर 11 सेंटिमीटर आहे.